ॲग्लोनिमा, डिफेनबाकियाचं क्रॉसिंग केलं की दरवेळी दांडी गळतेय? आधी हवा बघा

मार्च लागला की सांगली, मिरज, कराड, सातारा सगळीकडून एकच तक्रार सुरू होते. ॲग्लोनिमाला (डिफेनबाकियासारखंच कुंडीतलं शोभेच्या पानांचं झाड) फूल आलं, दुसऱ्या जातीशी क्रॉस करायला ब्रशनं पराग लावला, आठ-दहा दिवस फुलाची दांडी हिरवीगार होती, आता धरणार म्हणून रोज बघत होतो आणि एक दिवस पिवळी पडून खाली. परत केलं, परत गळाली. मग कुणी म्हणतं पराग मेलेला होता, कुणी म्हणतं झाडच वांझ आहे, कुणी बोरॉन मारतं, कुणी खत बदलतं, आणि पुढच्या मार्चला परत तेच रडगाणं.

पण हीच मंडळी बोलता बोलता हेही सांगतात की मागं जुलैत एकदा सहज ब्रश फिरवला होता तर त्याला तीन-चार लाल फळं धरलेली. म्हणजे झाड वांझ नाहीये ना? मग बदललं काय, तर हवा. माझं मत विचाराल तर आपल्या भागात दांडी गळण्याची निम्म्याहून जास्त प्रकरणं कोरड्या हवेची असतात. बाकीची कारणं पण आहेत, ती खाली येतीलच, पण हे आधी तपासा कारण याला खर्च काहीच नाही.

थोडं फुलाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही सगळी अळूच्या खानदानातली झाडं. अळू, सुरण, अँथुरियम, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, कॅलेडियम, कासला पावसाच्या सुरुवातीला दिसतो तो पांढरा सापकांदा, सगळे एकाच घरातले. ठेवण पण तीच, मधे दांडी आणि तिच्याभोवती नागाच्या फण्यासारखी एक गुंडाळी. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं म्हणजे दांडीला चिकटलेल्या बारक्या बारक्या फुलांचा घोळका आहे. ॲग्लोनिमा, डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन यांच्यात खाली मादी फुलं आणि वर नर फुलं. अँथुरियमचं वेगळं, त्यात दांडीवरचं प्रत्येक बारकं फूल दोन्ही कामं करतं, पण एका वेळी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मादी आधी तयार होते, पराग नंतर सुटतो. ॲग्लोनिमात गुंडाळी उलगडायला लागते त्या दिवशी खालची मादी फुलं चिकट, चकचकीत दिसतात, तोच दिवस कामाचा. पराग त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुटतो आणि तोवर त्याच दांडीवरच्या मादीची वेळ निघून गेलेली असते. बरेच जण काय करतात, वर पांढरी पावडर दिसली की खूश होऊन तीच खाली फासतात. त्याला काहीही धरणार नाही, कुठल्याही महिन्यात. एका दांडीचा पराग आणि दुसऱ्या, नुकत्या उघडणाऱ्या दांडीची मादी, असंच जुळवावं लागतं, म्हणून दोन-तीन कुंड्या तरी पाहिजेत. एकाच झाडाला एकामागून एक फुलं येत असतील तर जुन्या फुलाचा पराग नव्यावर पडून घरच्याघरीच लग्न लागू शकतं, म्हणून क्रॉस करायचा असेल तर जुन्या दांडीचा वरचा नर भाग ब्लेडनं उडवायचा.

आता हवा. परागकण मादी फुलाच्या चिकट टोकावर बसला म्हणजे काम झालं असं नाही, त्या कणातून बारीक नळी फुटून आत जावी लागते आणि ती फुटायला ओलावा लागतो. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या अपोप्का इथल्या केंद्रात आर. जे. हेन्नी म्हणून ब्रीडर होते, आज कुंड्यांमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच डिफेनबाकिया तिकडनं निघाल्यात. त्यांनी १९८० साली डिफेनबाकियाच्या परफेक्शन या जातीवर नेमकं हेच तपासून छापलं, की हवेतल्या ओलाव्याचा पराग रुजण्यावर आणि दाणा धरण्यावर काय परिणाम होतो. निष्कर्ष असा की हवा जवळजवळ पूर्ण ओली पाहिजे, कोरड्या हवेत पराग रुजतच नाही. आणि हे फ्लोरिडात, जिथली हवा आपल्यापेक्षा कितीतरी दमट.

आता आपल्याकडं बघा. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, पंचवीस टक्क्यांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. शेडनेट आहे, खाली पाणी मारलंय, पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर लावलाय, तरी तो पन्नास-साठच्या वर टिकत नाही आणि फॉगर बंद झाला की दहा मिनिटांत परत खाली. आणि या झाडांची आपल्याकडची फुलं नेमकी मार्च ते मेमध्ये जास्त येतात. साताऱ्याकडं, विशेषतः यवतेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना मेच्या शेवटी वळवानंतर जरा बरं पडतं, आमच्या सांगलीत जूनशिवाय खरं नाही.

उपाय एकदम साधा आहे, अख्ख्या गच्चीची हवा ओली करायच्या भानगडीत पडायचंच नाही, फक्त त्या एका फुलाची करायची. मी करतो ते असं. सकाळी सात-साडेसातच्या आत, ऊन चढायच्या आधी. ज्याला आई करायचंय तिची गुंडाळी पुढून थोडी कापून मादी फुलं उघडी करायची, हातमोजे घालून, कारण या झाडांच्या चिकात अळूसारखीच खाज असते आणि चुकून डोळ्याला हात गेला तर दिवस खराब. मग बारीक ब्रश आधी मादीच्या चिकट टोकांवर फिरवायचा म्हणजे तो थोडा ओलसर होतो, मग तो दुसऱ्या झाडाच्या परागात बुडवायचा, आता पराग नीट चिकटतो, आणि मग मादीवर सगळीकडून, मागच्या बाजूनं सुद्धा, हलक्या हातानं लावायचा. मागची बाजू विसरली की अर्धीच फळं धरतात.

त्यानंतर टिश्यू पेपर भिजवून चांगला पिळायचा, फुलाभोवती बाहेरनं सैल गुंडाळायचा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवून खाली दोऱ्यानं बांधायची. टिश्यूतलं पाणी मादी फुलांवर ठिबकता कामा नये, ओलावा पाहिजे, आंघोळ नको, पाण्याच्या थेंबात परागकण फुटून वाया जातात. कुंडी सावलीत. पिशवीवर ऊन पडलं तर आत फूल शिजतं, हे गच्चीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून टाकायची. चार-चार दिवस ठेवून काही जास्त फायदा नाही, उलट बुरशी धरते.

एवढं केलं तरी पुष्कळांचा प्रश्न इथंच सुटतो.

पिशवी काढल्यावर लोक अजून एका गोष्टीनं घाबरतात. वरचा नर भाग आठवड्यात वाळून काळा पडतो, गुंडाळी पण मलूल होते, आणि लोक म्हणतात गेलं बाबा हे पण, आणि कात्री घेऊन सगळं कापून टाकतात. अहो, तो भाग वाळणारच, त्याचं काम संपलं. बघायचं ते खाली. खालचे मादी दाणे हिरवे, टणक राहिले आणि दोन-तीन आठवड्यांत फुगलेले वाटले तर धरलं. देठासकट अख्खी दांडी पिवळी पडून मऊ झाली तर नाही धरलं. वाळलेला भाग फार ओला राहत असेल तर तेवढाच काढा.

दुसरी अडचण, फुलंच एका वेळी येत नाहीत. एकाला मार्चमध्ये, दुसऱ्याला मेमध्ये, मग जुळवणार कसं? पराग काढून थोड्या सिलिका जेलबरोबर डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवता येतो, पण या झाडांचा पराग फार दम धरत नाही, दोन-चार दिवसांचं अंतर भरून काढायला ठीक, दोन महिन्यांचं नाही. इथं खरा उपाय जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड. आता तासगाव, पलूस, मिरजेच्या द्राक्षवाल्यांना जीए काय असतं हे सांगायला नको, पण घरात कुंड्या सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं की घडाला मारतात तेच औषध ॲग्लोनिमाला फुलावर आणतं. हेन्नी आणि त्यांच्या लोकांनी हे डिफेनबाकिया, ॲग्लोनिमा, स्पॅथिफायलम सगळ्यांवर वापरलंय. २५० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत २५० भाग) एकच फवारणी, पानं चिंब होईपर्यंत, वाढ झालेल्या झाडावर. रोपटं दोन-चार पानांचं असेल तर पैसे वाया. फुलं यायला ॲग्लोनिमात साधारण चार-पाच महिने धरा, जातीप्रमाणे पुढंमागं होतं. हिशोब लक्षात आला का? फेब्रुवारीत फवारलं तर फुलं जुलैच्या आसपास येतात, म्हणजे हवा आपोआप ओली असताना, आणि दोन-तीन जाती एकाच दिवशी फवारल्या तर फुलं पण थोडी मागंपुढं, पण जवळजवळ एकाच वेळी येतात. फळछाटणीनंतर घड जीएत बुडवतात त्या डिपिंगमधली एखादी उरलेली पुडी द्राक्षवाल्या पाहुण्याकडं हमखास असते, आपल्याला तेवढी पुष्कळ होते.

जीएत लोक तीन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे दुकानात ०.००१ टक्केवाली पातळ बाटली मिळते, ती घेऊन येतात. ०.००१ टक्के म्हणजे मुळातच १० पीपीएम, ती पाणी न घालता अख्खी ओतली तरी २५० होणार नाही. आपल्याला पावडर पाहिजे, साधारण ९० टक्क्यांची, एक ग्रॅम पावडरला चार लिटर पाणी, ९० टक्क्यांच्या हिशोबानं पाणी किंचित कमी. दुसरं, ती पावडर सरळ पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात. आणि तिसरं पाणी. बोअरचं क्षारवालं पाणी वापरलं तर जीए टिकत नाही, अल्कलीत त्याचा जोर जातो, द्राक्षवाले उगाच पाण्याचा पीएच खाली आणत नाहीत. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर आरओचं घ्या. आरओचं म्हणजे गाळलेलं प्यायचं पाणी, बाजूच्या नळीनं वाया जातं ते नाही, त्यात तर क्षार अजून जास्त असतात, तरी लोक काटकसर म्हणून तेच झाडाला घालतात आणि पानाची टोकं जळाली म्हणून परत विचारतात.

आणि एक फवारणी म्हणजे एकच. महिन्याभरात फूल दिसलं नाही म्हणून परत परत मारलं की पानं लांबडी, निमुळती, वाकडीतिकडी येतात, देठ ताणतो, फुलं पण वेडीवाकडी येतात आणि मग पराग नीट मिळत नाही. ती विचित्र पानं म्हणजे नवीन जात नव्हे बरं का, पुढची पानं परत मूळपदावर येतात. असल्या पानाचा फोटो टाकून नवीन व्हरायटी म्हणून विकणारे पण बघितलेत.

पिशवी केली, वेळ बरोबर, पराग ताजा, तरी दोन हंगाम गळतंय? मग जोडी उलटी करून बघा. ज्याला आई करत होता त्याला बाप करा. काही हायब्रीड ॲग्लोनिमा पराग जवळजवळ देतच नाहीत पण मादी म्हणून चालतात, काहींचं उलटं असतं. बाजारातल्या रंगीत जाती कित्येक पिढ्यांच्या मिश्रणातून आलेल्या असतात त्यामुळं हे होणारच. दोन्हीकडून नाही म्हणत असेल तर तिचा नाद सोडून वेगळा जोडीदार बघा. टॅग लावताना आईचं नाव आधी, मग फुली, मग बापाचं, असं लिहायची पद्धत आहे, आणि पेन्सिलनं लिहा, मार्कर आपल्या उन्हात दोन महिन्यांत उडतो.

समजा धरलं. आता घाई नको. डिफेनबाकियाचं फळ अडीच-तीन महिन्यांत पिकतं, ॲग्लोनिमाला त्याहून बरेच जास्त महिने लागतात आणि अँथुरियमला तर सहा-सात महिने पकडून चाला. पूर्ण लाल होऊन हाताला किंचित मऊ लागेपर्यंत थांबायचं. बुलबुल टपलेला असतो म्हणून जाळीची पिशवी लावा. मग गर सगळा धुऊन काढायचा, गर राहिला की बुरशी आलीच, आणि बी त्याच दिवशी लावायचं. हे बी वाळवून पुडीत ठेवायचं बी नाही, वाळलं की मेलं. त्यामुळं ऑनलाइन रेनबो ॲग्लोनिमाच्या शंभर बिया एवढ्या एवढ्या रुपयांत असली जाहिरात दिसली तर पुढं सरका, निळ्या गुलाबाच्या बियांच्या रांगेतला माल आहे तो.

धुतलेल्या कोकोपीटवर बी अर्धवट दाबायचं, झाकणाचा डबा, सावली, आणि थंडीत उगवण रेंगाळते म्हणून डबा घरात. रोपं उगवून मग बुडातून कुजत असतील तर झाकण रोज थोडा वेळ उघडा आणि पाणी वरून ओतू नका, खालून शोषू द्या.

आता रंगाचं. पहिलं पान साधं हिरवं आलं की लोक हिरमुसतात. थांबा जरा, पाच-सहा पानं होईपर्यंत नक्षी आणि रंग उमटत राहतात. आणि कोणता रंग पुढच्या पिढीत उतरतो आणि कोणता नाही, हे क्रॉस करायच्या आधी बघायला पाहिजे. डिफेनबाकियाच्या पानावरची नक्षी एका प्रभावी जनुकावर चालते, म्हणून नक्षीवाली आणि साधी हिरवी यांचा क्रॉस केला तरी साधारण निम्मी रोपं नक्षीवाली निघू शकतात. लाल ॲग्लोनिमाचा लाल रंग पण असाच बियातून चालत आलाय, सुमात्राच्या जंगलातल्या ॲग्लोनिमा रोटुंडमकडनं. इंडोनेशियातले ग्रेगरी हंबाली यांनी १९८० च्या दशकात त्याचा क्रॉस करून प्राइड ऑफ सुमात्रा काढली आणि आज नर्सरीत दिसणारी लाल-गुलाबी ॲग्लोनिमाची रांग तिथनं सुरू झाली, पुढं थायलंडवाल्यांनी तर धुमाकूळ घातला. म्हणून माझा सल्ला, लाल पाहिजे असेल तर निदान एक पालक लाल ठेवा.

याउलट मॉन्स्टेरा अल्बो किंवा फिलोडेंड्रॉन पिंक प्रिन्सेसचं. तिथला पांढरा-गुलाबी रंग झाडाच्या काही थरांत झालेल्या बदलाचा असतो, तो परागातून पुढं जात नाही. त्यांच्या बिया लावल्या तर बहुतेक रोपं साधी हिरवी येतात, आणि एखादं पूर्ण पांढरं आलं तर हरितद्रव्य नसल्यामुळं बियातला साठा संपला की मरतं, ते तुमच्या देखभालीमुळं नाही. त्या झाडांवर ब्रश घेऊन वर्ष घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

मनी प्लांटचा क्रॉस करायचाय असं पण विचारणारे आहेत. त्याला फूलच येत नाही. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे, आणि २०१६ साली संशोधकांनी कारण पण शोधलं की त्याचं जिबरेलिन (जीए ज्यातलं एक) तयार करणारं एक जनुकच बिघडलेलं आहे. बाहेरून जीए दिल्यावर फुलतो तो, पण तो प्रयोगशाळेतला मामला. मनी प्लांटच्या नवीन जाती येतात त्या वेगळ्या निघालेल्या फांदीतून, एन्जॉय आणि मंजुळा या दोन्ही अशाच आपल्या भारतात सापडलेल्या आणि अमेरिकेत पेटंट झालेल्या. त्यामुळं मनी प्लांटवाल्यांनी ब्रश बाजूला ठेवून डोळे उघडे ठेवावेत. एखादा फुटवा वेगळा दिसला तर तो भाग कापून वेगळा लावायचा, त्याच्या काडीवरून परत काडी, असं तीन-चार वेळा करून रंग टिकतोय का बघायचं, कारण असले फुटवे पुष्कळदा परत हिरवे होतात.

क्रॉसमधून निघालेल्या रोपांना पण हीच चाळणी लावा. शंभरातली नव्वद रोपं आईबापापेक्षा साधी निघतात, ती शेजारीपाजारी वाटून टाकायची, जागा अडवून ठेवायची नाहीत. जे रोप खरंच वेगळं वाटतंय ते एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढू दे, मेमधल्या उन्हात पान करपतंय का, ऑगस्टमध्ये खोड सडतंय का हे बघा, मग काड्या करा, आणि नाव ठेवायचं नंतर.